पीअरच्या रिक्षाचे पैसे कोण देणार? (पुण्यातलं एचआयव्हीचं वस्तीतलं काम आणि निधी)

जमाखर्च | शनिवार, रात्री ९:४०

बँकेतून निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून गेली चार वर्षं बुधवार पेठेतल्या एका छोट्या संस्थेची हिशेबाची वही लिहितो. संस्था तिथल्या देहविक्री करणाऱ्या बायकांनीच उभी केलेली आहे. नाव इथे देत नाही. नावामागून पत्ता येतो आणि त्या पत्त्यावर माणसं राहतात. काम एचआयव्हीचं. कंडोम पोचवायचे, दर सहा महिन्यांनी तपासणीला न्यायचं, आणि जिच्या गोळ्या चालू आहेत तिच्या गोळ्या सुटू द्यायच्या नाहीत.

धागा काढायला कारण झालं एक व्हाउचर. 'रिक्षा, बुधवार पेठ ते एआरटी केंद्र, जाऊन-येऊन, १६० रुपये.' (एआरटी केंद्र म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते.) ऑडिटमध्ये ते नामंजूर झालं. शेरा एवढाच: 'बिल जोडलेले नाही.' रिक्षावाला बिल देत नाही. आणि सोबत कोण होतं त्याचं नाव लिहावं, तर ते मी लिहिणार नाही.

त्या रिक्षात बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी होती. नुकतीच दुसऱ्या राज्यातून आलेली. तिकडे तिच्या गोळ्या चालू होत्या, इकडे आल्यावर डबी संपली आणि कागदपत्रं तिकडेच राहिली. मराठी येत नाही, हिंदीही तुटकं. दोन महिने ती कोणापाशी काही बोलली नाही. आमच्या अक्काला (ही आमची पीअर, म्हणजे त्यांच्यातलीच, मानधनावर हे काम करणारी; त्याच गल्लीत वीस वर्षं काढलेली) ते कळलं कसं? जिन्यात बसून दोघी चहा पीत होत्या. मुलीचा फोन वाजला. ती ओशाळून म्हणाली, 'रोज आठ बजे बजता है, बंद करना रह गया.' रोज रात्री आठचा अलार्म कशासाठी लावतात, हे अक्काला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्याही फोनवर तो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का तिला घेऊन गेली. रिक्षानेच, कारण आदल्या आठवड्यात मुलगी एकटी निघून दोनदा बसस्टॉपवरूनच माघारी आली होती.

गोळ्या सरकार फुकट देतं. १ एप्रिल २००४ पासून देतंय आणि त्याने लाखो माणसं जगली आहेत. तपासणीही फुकट. पण त्या मुलीला गोळीपर्यंत घेऊन जाणारी बाई फुकट मिळत नाही, आणि नेमका तोच खर्च देणाऱ्यांना नको असतो. आमच्याकडे टेस्टिंग किट द्यायला लोक तयार आहेत, शिलाई मशीन द्यायला तयार आहेत, दिवाळीला साड्या तर नको म्हणेपर्यंत येतात. अक्काच्या मानधनाला मात्र कोणी नाही. परदेशी पैशावरचा एक छोटा प्रकल्प बंद झाला. दुसऱ्या अनुदानाचा हप्ता लांबला, की मधले महिने कोरडे जातात. त्या महिन्यांतही अक्का जिने चढतेच. मी वहीत तिच्या नावापुढे 'देणे बाकी' लिहितो.

इथे निरनिराळ्या क्षेत्रांतली मंडळी आहेत. असा पैसा टिकाऊपणे कसा उभा करावा? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोथरूडकर | शनिवार, रात्री १०:१५

राग मानू नका, पण प्रश्न खरा आहे म्हणून विचारतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला (२०२१ ते २०२६) केंद्राने १५,४७१ कोटी रुपये मंजूर केले. हा आपल्याच कराचा पैसा. मग पुन्हा लोकांनी वेगळे पैसे का द्यायचे? आणि अशाने देहविक्रीला 'प्रोत्साहन' मिळतं असं ज्यांना वाटतं त्यांना काय सांगायचं? माझ्याच घरात हा वाद झालाय.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:५०

आत्ताच फिल्डवरून आले. मी ओआरडब्ल्यू (आउटरीच वर्कर) आहे, म्हणजे पीअरच्या वरची. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला काम करते.

कोथरूडकर दादा, तो आकडा सगळ्या देशाचा आणि पाच वर्षांचा आहे. देशात एचआयव्हीसह जगणारी २५ लाखांच्या आसपास माणसं आहेत आणि सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. त्यांच्या आयुष्यभराच्या गोळ्या, व्हायरल लोडच्या (रक्तात विषाणू किती त्याच्या) तपासण्या, आयसीटीसी (समुपदेशन आणि एचआयव्ही तपासणीची) केंद्रं, गरोदर बायकांच्या तपासण्या, सगळं त्यातच. आमच्यासारख्या टीआय (जास्त जोखमीच्या गटांसाठीच्या) प्रकल्पांनाही त्यातूनच येतं, आणि ते आलं नसतं तर मी आज हे लिहायला नसते. पण तो पैसा ठरलेल्या चौकटीत येतो. साधारण ६० जणींमागे एक पीअर, इतके कंडोम, इतक्या भेटी. चौकट बांधली तेव्हा बायका एका गल्लीत, एका इमारतीत राहायच्या. आता अर्ध्या जणी फोनवर काम करतात. आज वाकडला लॉज, उद्या चाकण, परवा लोणावळा. ६० जणी गाठायला पूर्वी एक दुपार पुरायची, आता पेट्रोलच संपतं.

पीअरच्या पिशवीत काय असतं ते सांगते, म्हणजे पैसा कुठे जातो ते कळेल. कंडोमची पाकिटं, दाखवायचं लाकडी मॉडेल, रेफरल स्लिपांचं पुस्तक, भेटींचा रजिस्टर. हे प्रकल्पाचं. त्याशिवाय सॅनिटरी पॅड, पॅरासिटामॉल, बिस्किटाचा पुडा, मोबाइलचं चार्जर, आणि एक प्लास्टिकची रिकामी व्हिटॅमिनची डबी. हे सगळं तिच्या स्वतःच्या पैशाचं. रिकामी डबी कशाला? एआरटीच्या डबीवर औषधाचं नाव छापलेलं असतं. खोलीतल्या बाकीच्यांना कळू नये म्हणून गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरून ठेवतात. कुठल्या बजेटमध्ये 'रिकामी डबी' असा खर्चाचा रकाना आहे?

आणि प्रोत्साहनाबद्दल. मी बारा वर्षांत कोणाला या कामात आणलेलं नाही. ज्या आहेत त्यांना आजारी पडू द्यायचं नाही एवढंच करते. तुमच्या घरी हे असंच सांगा.

निळी_छत्री | रविवार, सकाळी ७:३०

एआरटीच्या समुपदेशनात काही वर्षं काम केलं आहे, म्हणून वैद्यकीय बाजू थोडक्यात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, तीन औषधं एकत्र. ती नियमित घेतली की साधारण सहा महिन्यांत रक्तातला विषाणू इतका दाबला जातो की तपासणीत सापडत नाही. सापडत नाही म्हणजे शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही. जगभरच्या अभ्यासांनी सिद्ध झालेली गोष्ट आहे. गोळी सुटली की काही आठवड्यांत विषाणू परत वर येतो.

म्हणजे त्या मुलीचे दोन महिने फक्त तिचे नव्हते. अक्काने जिन्यात जे ओळखलं ते आमच्या केबिनमध्ये कधीच ओळखता आलं नसतं. आमच्याकडे ती आलीच नसती. रजिस्टरमध्ये 'एलएफयू' असा शिक्का पडला असता, म्हणजे संपर्क तुटलेली. त्या शिक्क्यामागची बाई शोधून आणायचं काम आम्हाला कायम पीअरनेच करून दिलं.

सप्तरंग | रविवार, सकाळी ११:०५

मी समलिंगी पुरुष, पुण्यातच वाढलो. इथे बहुतेक चर्चा बायकांची होतेय ती योग्यच आहे, पण आमच्या बाजूला काय झालं तेही नोंदवतो.

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत नव्वद दिवस थांबवल्याचा आदेश काढला. त्या मदतीवर तृतीयपंथी लोकांसाठी 'मित्र क्लिनिक' नावाचे तीन दवाखाने चालत होते: हैदराबाद, कल्याण आणि आपलं पुणं. त्याच महिन्यात तिन्ही बंद पडले. तिथे डॉक्टरपासून रिसेप्शनपर्यंत समाजातलीच माणसं होती. ज्या नावाने तुम्ही स्वतःला ओळखता त्याच नावाने पुकारायचे. माझी एक मैत्रीण आयुष्यात पहिल्यांदा तिथे रक्त द्यायला तयार झाली. ती आधी दुसऱ्या एका दवाखान्यात पुरुषांच्या रांगेत की बायकांच्या, यावर वाद होऊन परत आली होती. दवाखान्याचं नाव घेत नाही, तिथेही चांगली माणसं आहेत.

हैदराबादचा दवाखाना पुढे टाटा ट्रस्टच्या मदतीने 'सबरंग' नावाने परत सुरू झाला. म्हणजे इथल्या पैशाने हे होऊ शकतं. ती बातमी मी तीन वेळा वाचली.

जमाखर्च | रविवार, दुपारी १२:२०

सप्तरंग, आमचा बंद पडलेला प्रकल्पही याच लाटेत गेला, पण आमची फजिती त्याआधीच सुरू झाली होती. परकीय देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तोवर मोठी संस्था परदेशी निधी घ्यायची आणि त्यातला वाटा आमच्यासारख्या वस्तीतल्या संघटनांना द्यायची. दुरुस्तीनंतर परदेशी पैसा एका संस्थेने दुसरीला देणंच बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतच. हिशेब चोख हवा याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आयुष्य त्यातच गेलं. पण ज्या संघटनेत दोन खोल्या आणि एक कपाट आहे तिने स्वतःचं परकीय देणगीचं रजिस्ट्रेशन काढून दिल्लीत खातं सांभाळायचं, हे होणारं नाही. मधला ओढाच आटला, त्यामुळे नदी कुठून आली हा प्रश्नच उरला नाही.

सांगलीकर_पुण्यात | रविवार, दुपारी ३:४५

परदेशी पैशाबद्दल एक जुनी गोष्ट. अमेरिकेने २००३ मध्ये एचआयव्हीसाठी 'पेपफार' हा मोठा निधी सुरू केला. आफ्रिकेत त्याने अफाट काम झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच्या कायद्यात एक अट होती: पैसा घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी भूमिका घ्यायची. आमच्या सांगलीच्या 'संग्राम' संस्थेने ते नाकारलं आणि अमेरिकन पैसा सोडला. ज्या बायकांबरोबर रोज बसायचं त्यांच्याच विरोधात कागदावर सही करून कंडोम वाटायला जाणार कुठल्या तोंडाने? त्यावेळी मी कॉलेजात होतो, आमच्या घरी वडील म्हणाले होते की चालून आलेला पैसा सोडणं वेडेपणा आहे. आज ते तसं म्हणत नाहीत.

म्हणून जमाखर्च काका, पैसा कुठून येतो याच्याइतकंच तो काय मागतो हे बघा. परदेशी असो, कंपनीचा असो की आपल्या गणेश मंडळाचा.

पर्वती_पायथा | रविवार, रात्री ८:३०

मी एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामाला पैसा देणाऱ्या) विभागात आहे. आतली बाजू सांगते, उपयोगी पडेल.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामाला द्यावी लागते. आरोग्य त्यात बसतं, एचआयव्हीचं काम निर्विवाद बसतं. तरी पैसा या कामाकडे वळत नाही, कारण वरिष्ठांना वार्षिक अहवालात छापता येईल असं काहीतरी हवं असतं. शाळेची इमारत छापता येते. पीअरची बुधवारची फेरी छापता येत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, 'सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही' असं सांगून तुमचे पगार कोणी कापत असेल तर ते चूक आहे. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. पीअर म्हणजेच प्रकल्प. तेव्हा अर्जात तिला 'प्रशासन' या सदरात टाकूच नका. दुसरी, 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी घ्या. मग सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं पैसा बांधून ठेवता येतो. दर मार्चला नव्याने हात पसरावे लागत नाहीत. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी मात्र करून ठेवा, त्याशिवाय गाडी हलत नाही.

एक कबुलीही द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रकल्पाला आम्ही लाभार्थींचे फोटो आणि यादी मागितली होती. त्यांनी नकार दिला आणि आम्ही पैसे दिले नाहीत. तो मेल मीच लिहिला होता. आज वर ते रिकाम्या डबीचं वाचलं आणि मला तो मेल आठवला.

जमाखर्च | रविवार, रात्री ९:१०

पर्वती_पायथा, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. पाच टक्क्यांचा मुद्दा मला चार वर्षांत कोणी सांगितला नव्हता, आणि त्याच कारणाने आमचा एक प्रस्ताव अर्धा झाला होता.

यादीबद्दल: २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा (लागू १० सप्टेंबर २०१८ पासून) संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्हीची माहिती उघड करू देत नाही. ती नोंद सांभाळणाऱ्या संस्थेवर ती गुप्त ठेवायचं बंधन आहे. आम्ही देणगीदारांना सांकेतिक क्रमांकांचा तक्ता देतो: किती जणींची तपासणी, किती जणी गोळ्यांवर टिकून, किती जणी परत आणल्या. हवं तर तुमचा ऑडिटर येऊन कपाटासमोर बसून मूळ नोंदी ताडून बघू दे, नावं झाकून. कागद मात्र कपाटाबाहेर जाणार नाही.

औंध_रोड | सोमवार, पहाटे १२:३५

बऱ्याच वर्षांनी इथे लिहितोय. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, २००६ पासून. ड्रायव्हर होतो, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गाडी लावायचो. तिथेच एक मुलगा भेटला, तोही पूर्वी क्लीनर होता, चहाच्या टपरीवर ट्रकवाल्यांना एकेक करून गाठायचा. मी त्याला दोनदा शिव्या देऊन हाकललं. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही, नुसता शेजारी बसला. मग मीच विचारलं, रक्त कुठे तपासतात.

रिपोर्ट आला त्या दिवशी तो माझ्याबरोबर संध्याकाळपर्यंत होता. रेल्वेलाइन तिथून जवळ होती, त्याला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. तो घरी गेलाच नाही. पुढे त्याचा प्रकल्प बंद झाला आणि तो कुठे गेला मला माहीत नाही.

सरकारने आमच्यासाठी बरंच केलंय, खोटं बोलणार नाही. संजय गांधी निराधार योजनेत आमचा आजार बसतो. एसटीत सवलत आहे. पण सवलतीसाठी कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं, आणि गाडीत गावचीच माणसं असतात. मी कधी दाखवलं नाही, पूर्ण तिकीट काढतो. निराधारचा अर्जही गावच्या तलाठ्याच्या टेबलावरून जातो म्हणून माझ्या ओळखीच्या एका बाईने तीन वर्षं भरला नाही. शेवटी संस्थेच्या ताईने तिच्याबरोबर जाऊन भरला. योजना होती, पैसा होता, पण सोबत जाणारं माणूस नव्हतं म्हणून तीन वर्षं गेली. जमाखर्च साहेब म्हणतात ते हेच आहे.

मी महिन्याला दोनशे रुपये देईन. जास्त जमणार नाही. कुठे द्यायचे सांगा.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १:१५

औंध_रोड दादा, काल रात्री तुमचं वाचून झोप लागली नाही.

एक व्यावहारिक अडचण राहून गेली होती. देणगीदार म्हणतात मानधन बँकेतच टाका, रोख नको. बरोबर आहे. पण कित्येक पीअरकडे कागदच नसतात. घरच्यांनी टाकलेलं, जन्माचा दाखला नाही, रेशनकार्डावर नाव नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये देहविक्री करणाऱ्या बायकांना सन्मानाने वागवण्याचे जे निर्देश दिले, त्यात आधार कार्डाचाही विषय होता. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार मिळतं. आम्ही काही जणींचं असं काढलं. एकीने आधार हातात घेतलं आणि फोटोकडे बघून म्हणाली, 'बघ, सरकारला मी दिसले.' मग खातं उघडलं. या कागदासाठी किती चकरा झाल्या त्याचा पैसाही कुठल्याच रकान्यात नव्हता.

कोथरूडकर | सोमवार, दुपारी ३:००

सगळं वाचलं. घरीही वाचून दाखवलं, आई शेवटपर्यंत बसली होती. मी शनिवारी जे विचारलं त्याचं उत्तर मला मिळालं.

व्यवसायाने कर सल्लागार आहे, तेव्हा माझ्या कामातलं सांगतो. संस्थेकडे ८०जी (करवजावटीची नोंदणी) असेल तर देणगीवर वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत गेलेल्यांना ती नाही, आणि आता पुष्कळ पगारदार नव्यातच आहेत. म्हणून 'कर वाचेल' असं सांगून पैसे मागू नका, पुढच्या वर्षी ते देणगीदार नाराज होतील. २००० रुपयांच्या वरची देणगी रोखीत घेतली तर वजावटच नाही. दरमहा थोडी रक्कम यूपीआय ऑटोपेने आपोआप जाईल अशी सोय करा. वर्षाला एकदा मोठा चेक मागण्यापेक्षा हे टिकतं. तुमची अडचण मधल्या कोरड्या महिन्यांची आहे. त्यासाठी वेगळं खातं ठेवा, दरमहा येणारं त्यात जमू द्या, हप्ता लांबला की फक्त मानधनासाठी त्याला हात लावा, हप्ता आला की भरून टाका. ठराव मी लिहून देतो. ऑडिटलाही मीच बसेन, फी नको.

आणि रिक्षाचं: प्रवासाचं बिल नसेल तर स्वघोषित व्हाउचर चालतं. पीअरचा सांकेतिक क्रमांक, तारीख, कुठून कुठे, रक्कम, तिची सही आणि प्रकल्प प्रमुखाची सही. एका फेरीची कमाल मर्यादा कार्यकारिणीने ठरावाने आधीच मंजूर करून ठेवायची. हा ठराव फाइलला असता तर ते १६० रुपये नामंजूर झाले नसते.

जमाखर्च | मंगळवार, सकाळी १०:२५

काल संध्याकाळी संस्थेत बैठक झाली. दोन्ही ठराव मांडले. अक्काने विचारलं, 'या वेगळ्या खात्यात कोणाचे पैसे?' मी औंध_रोड यांची पोस्ट वाचून दाखवली. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, त्या दोनशे रुपयांची पावती मी स्वतः लिहिणार. तिचं अक्षर मोठं आहे, पावतीच्या रेघांत मावत नाही, पण लिहिणार तीच.

रिक्षाच्या एका फेरीची मर्यादा २०० रुपये ठरली. औंध_रोड, पावतीवर नाव काय घालायचं ते मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. 'हितचिंतक' लिहिलं तरी चालेल. खात्याचे तपशील ज्यांनी मागितले त्यांना आज पाठवतो.

ती मुलगी कालच्या बैठकीला होती. पायऱ्यांवर बसली होती. आठ वाजता फोन वाजला तशी उठून आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन परत आली.